हळू, बाबा झोपलेत

नाही, पण तुम्हीच सांगा, पहिलीतल्या मुलीला बाईंनी 'माझे बाबा' असं चित्र काढायला सांगितलं तर पोरीने काय काढावं? मिशा काढाव्यात, चष्मा काढावा, काड्यांचे हात काढावेत, बरोबर? वर्गातल्या एका मुलाने तर नुसतं टक्कल काढलं होतं, बाई म्हणाल्या, ओळखू येतात हो त्याचे बाबा! आणि आमच्या स्वरूपाने काय काढलं? दार. बंद दार. तपकिरी रंगाचं, हँडलला टॉवेल गुंडाळलेला, खाली दोन काळे सेफ्टी शूज आणि वर मोठ्या अक्षरांत 'माझे बाबा'. ओपन हाउसला बाईंनी ते चित्र माझ्यासमोर असं ठेवलं, जसे डॉक्टर रिपोर्ट ठेवतात ना, आधी पालथा, मग हळूच सुलटा... आणि इतक्या गोड आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

आता काय सांगू? घरी सगळं ठीक आहे. फारच ठीक आहे! इतकं ठीक आहे की दीड वर्षात आमच्या घरात कुकरची शिट्टी वाजलेली नाही!

जरा पुढे सरकून बसता का? माझा आवाज लहान आहे. म्हणजे नव्हता, झालाय. कॉलेजात मी वक्तृत्वाची ढाल आणलेली बाई आहे, खरं सांगते, पण त्याचं असं झालं की ज्ञानेश, म्हणजे माझा नवरा, चाकणला मेंटेनन्समध्ये आहे, आणि मशिनी रात्री थांबतात तेव्हाच उघडता येतात, त्यामुळे थर्ड शिफ्ट. आधी आठवड्याला शिफ्ट बदलायची, मग कंपनीत नवीन लाईन आली आणि याची थर्ड कायमची झाली. म्हणजे सगळं पिंपळे सौदागर दूध तापवत असतं तेव्हा हा कंपनीच्या बसमधून उतरतो, नेमकी तेव्हाच स्वरूची व्हॅन सुटते, बापलेक एकमेकांना काचेतून टाटा करतात, आणि हा वर येऊन झोपतो. दार बंद! ते संध्याकाळी पाचला उघडतं. ती दुपारी घरी आली की मग आम्ही दोघी बाहेर हॉलमध्ये, पायात मोजे घालून, चोरांसारख्या.

हळू, बाबा झोपलेत. हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन? श्वास घेते तितक्या वेळा. डोअरबेलमध्ये कापूस. इंटरकॉम उशीखाली, कारण खाली आमचा वॉचमन कोंडीराम, परभणीकडचा, माणूस सोन्यासारखा पण आवाज असा की त्याला इंटरकॉमची गरजच नाही, "म्याडम! पार्सल आलंय! वरी पाठवू का?" त्याची ती हाक आली की आम्ही दोघी गोठतो. स्टॅच्यू! आत कूस बदलल्याचा आवाज येतो... थांबतो... आम्ही श्वास सोडतो. आणि कुकर? कुकर मी डाळ-तांदूळ लावून शेजारच्या सुमनताईंकडे नेते, त्यांच्या गॅसवर ठेवते, शिट्ट्या तिकडे होतात, जेवण इकडे होतं. त्या माउलीने कधी 'का' म्हणून विचारलं नाही, फक्त एकदा म्हणाल्या, "अगं, त्याला कानात घालायला बोळे दे की." दिले ना! बोळे घातले तर अलार्म ऐकू येत नाही, मग बस चुकते. तुम्हाला काय वाटलं, मी विचार केला नसेल?

तर ओपन हाउसच्या त्या रात्री मला झोप नाही. आणि गंमत बघा, ज्याच्यासाठी दिवसभर पाय दाबून चालायचं तो रात्री कामावर, पलंग रिकामा, आवाज करायला पूर्ण मुभा, आणि मी टक्क जागी! मनात काय काय यावं... हिच्या डोक्यात बाबा म्हणजे दार असं पक्कं बसलं तर? मोठी झाली, लग्न ठरलं, तर कन्यादानाला शेजारी काय, दार उभं करायचं? आणि हे ज्ञानेशला सांगायचं कसं? शिफ्टवरून आलेल्या माणसाला, बाबा रे, तुझ्या मुलीने तुला सागवानी काढलंय? नाही सांगितलं. चित्र माझ्या साड्यांच्या खाली ठेवून दिलं. मी चार वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय, बग सापडला की आधी दडवायचा नसतो हे मी इतरांना शिकवायचे. असो.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर बी विंगच्या दिव्याचा मेसेज. ती तिकडे वाकडच्या पुढे कुठल्याशा डिझाइन कॉलेजात शिकते. "आमच्या टीमला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी व्हिडिओ गेमची ओरिजिनल आयडिया हवी आहे. खऱ्या लोकांकडून." खऱ्या लोकांकडून! म्हणजे ते स्वतः कोण आहेत? पण मला एकदम उजेड पडला. कारण गेम आमच्याकडे होताच की! मी आणि स्वरू रोज खेळायचो. मीच काढलेला, तिला गप्प बसण्याचा वैताग येऊ नये म्हणून. नाव 'गुपचूप'. हॉलमधली तिसरी फरशी वाजते, तिच्यावर पाय पडला की एक जीव गेला. चमचा पडला, जीव गेला. कचरागाडी गाणं लावून आली की धावत जाऊन खिडकी लावायची, जीव वाचला. आणि पाच वाजले की दार उघडतं, बाबा केस विस्कटून बाहेर येतो, आणि आपण जिंकलो! बाबा म्हणजे दार नाही, बाबा म्हणजे दारामागचं बक्षीस. हे मला त्या पोरीला दाखवायचं होतं, स्क्रीनवर, रंगात, संगीतासकट. म्हटलं, एकदा गेममध्ये ते दार उघडलेलं तिने बघितलं, की पुढच्या वेळी चित्रात पण उघडेल. वेडेपणा आहे ना? मला पण वाटलं होतं. पण डॉक्टरच्या फीपेक्षा स्वस्त होता.

गेले मग त्यांच्या कॉलेजात. मुलीला व्हॅनमध्ये बसवलं, शंकरपाळ्यांचा डबा घेतला, गेले. आत बघते तर सगळे काळ्या टी-शर्टात, बसायला खुर्च्या नाहीत, त्या वाळूच्या गोण्या असतात ना, बीनबॅग, त्यात रुतले की उठायला दोन माणसं लागतात. दिव्या चित्रं काढणारी. झिशान म्हणून एक मुलगा कोडिंग करणारा. आणि गणराज, टीमचा लीडर, दाढी राखलेला, बोलताना डोळे मिटणारा. म्हणतो काय पहिल्याच वाक्याला, "या काकू, बसा."

काकू! एकतीस वर्षांची आहे हो मी!

बरं, जाऊ दे. उभी राहिले. मी चांगली तयारी करून गेले होते, पण तोंड उघडलं आणि... आवाजच येईना. म्हणजे येत होता, पण घरचा. कुजबुजीचा. दीड वर्षाची सवय, सकाळचे अकरा वाजलेत म्हटल्यावर गळा आपोआप खाली जातो! मी आपली कुजबुजत सांगतेय, "घरात... खूप शांतता आहे... एक लहान मुलगी आहे... समोर बंद दार आहे... दाराच्या आत तो झोपलाय..." आणि काय सांगू, पोरं एकदम पुढे सरकली! झिशानने पंखा बंद केला. गणराजने उठून दिवे मंद केले. आयुष्यात पहिल्यांदा मला मध्ये न तोडता कोणीतरी ऐकत होतं. मी फुलले हो! मी आणखी हळू बोलायला लागले! "आणि तिची आई... पाठीमागून येते... आणि कानात सांगते... हळू... बाबा झोपलेत..."

दिव्याने अंगावर आलेला काटा दाखवला. मला वाटलं, भावना पोचली.

गणराज डोळे मिटून म्हणतो, "काकू, कोअर लूप काय आहे?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे प्लेअर परत परत काय करतो?"

"रोज तेच करतो रे बाळा."

"वॉव," म्हणाला. आणि तो झिशान उडी मारून, "काकू, एक नंबर! कसला कडक हॉरर आहे हा!" आता मला तिथेच कळायला नको का? पण मला वाटलं हा कौतुकाचा शब्द असेल. हल्ली ही पोरं चांगल्या गोष्टीला किलर म्हणतात, राडा म्हणतात, मग हॉरर म्हटलं तर मी काय समजू? मी थँक यू म्हटलं! हॉरर म्हटल्यावर थँक यू म्हणणारी बाई तुम्ही दुसरी पाहिलीत?

एकच अट घातली मी. एकच. म्हटलं, बाकी काहीही बदला, फरशी बदला, कुकर बदला, मला आणखी जाड दाखवलंत तरी चालेल, पण पाच वाजता दार उघडलं पाहिजे. आणि बाबा बाहेर आला पाहिजे. गणराज म्हणाला, "शंभर टक्के, काकू." झिशान म्हणाला, "अम्मी की कसम." आणि दिव्या म्हणाली, "रेफरन्ससाठी काही आहे का?" तर मी, अतिशहाणी, घरी जाऊन साड्यांखालचं चित्र काढलं, फोटो काढला, पाठवून दिला. शंकरपाळे संपवले होते हं त्यांनी तोपर्यंत, डबा चाटून. विश्वास ठेवला हो मी! माझे शंकरपाळे खाल्लेल्या माणसांवर विश्वास ठेवला!

आणि घरी येऊन स्वरूला काय सांगितलं? "आपला गुपचूप आता खरा गेम होणार, आणि त्यात शेवटी दार उघडणार." तिने विचारलं, "रोज उघडणार?" मी म्हटलं, "रोज." तेव्हापासून रोज व्हॅनमधून उतरली की पहिला प्रश्न, "झाला का गेम?" आणि माझं उत्तर, "हळू, बाबा झोपलेत."

मग दोन-एक महिन्यांनी दिव्याचा मेसेज. "काकू, डेमो आहे, सगळ्यांना घेऊन या! फक्त काही छोटे चेंजेस केलेत." छोटे चेंजेस. तुम्हाला सांगते, टेस्टरच्या आयुष्यात 'छोटे चेंजेस' हे दोन शब्द ऐकले की रविवारची सुट्टी गेली समजायचं. सगळी मोठी संकटं याच नावाने येतात. पण मी म्हटलं, नाही, ही मुलं आहेत, अम्मीची शपथ घेतलीये.

ज्ञानेशला तयार केलं. तो बिचारा शिफ्टवरून उतरला तसाच, युनिफॉर्म, सेफ्टी शूज, डोळे लाल, "मी झोपू कधी?" मी म्हटलं, एक दिवस, एकच दिवस, मुलीसाठी. स्वरूला रिक्षात दोघांच्या मध्ये बसवलं. सकाळच्या वेळी, उन्हात, बापाच्या मांडीला मांडी लावून! ती त्याच्याकडे असं बघत होती जसं पाहुण्याकडे बघतात. आणि तो डुलक्या काढत होता, आणि मी सवयीने रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, हळू." तो म्हणाला, "ताई, सिग्नलला उभे आहोत."

पोचलो. हॉल गच्च भरलेला. त्यांचे सर, मॅडम, दुसऱ्या टीमचे आईबाप. आणि समोर भिंतभर पडदा. त्यावर काय? दार. आमचं दार! स्वरूने काढलेलं, तसंच्या तसं, फक्त आता त्याच्या फटीतून हिरवा धूर येतोय! टॉवेलवरून रक्तासारखं काहीतरी ठिबकतंय! आणि वर नाव... 'गुपचूप' नाही... 'डोन्ट वेक द बाबा'!

आणि स्पीकरमधून, अंधारातून, एका बाईचा आवाज. खर्जातला. थरथरता. "हळूऽऽ... बाबा झोपलेतऽऽ..."

अंगावर काटा आला माझ्या. म्हटलं, कोण ही भयंकर बाई? मग कळलं. मी! मी आहे ती! मेल्यांनी मी बोलत असताना फोनवर रेकॉर्ड केलं होतं! नोट्ससाठी म्हणे! दिव्या पळत आली, "काकू, आवाज इतका भारी होता की आम्ही एकही इफेक्ट टाकला नाही." एकही नाही! मी विचारलं, "आणि मी कुठे आहे? आई कुठे आहे?" तर म्हणते, "तुम्हीच तर भूत आहात."

पुढे ऐका ना. बाबा. बाबा कोण? दारामागे एक हिरवा राक्षस, तीन पदरी पोट, घोरताना नाकातून फुगे, अंगात निळा युनिफॉर्म, डोक्यावर हेल्मेट. आवाज करून जीव संपले की गर्जना करत बाहेर येतो आणि मुलीला गिळतो. मी गणराजला कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, "अरे, पाच वाजता दार उघडणार होतं ना?"

डोळे मिटून म्हणतो, "काकू, विन आम्ही काढून टाकला. एंडलेस केलंय. जितका वेळ शांत राहाल तितका स्कोअर. सर म्हणाले, जिंकलं की लोक खेळणं थांबवतात."

"पण पाच वाजतात त्याचं काय?"

"घड्याळच काढलं काकू. स्क्रीनवर गर्दी होत होती."

घड्याळच काढलं! ऐकलंत? अहो, आमचं सगळं घर त्या पाचच्या काट्याला लटकलेलं आहे, आणि यांना गर्दी होत होती! म्हणजे या गेममध्ये ते दार कधी, कधीच उघडत नाही, उघडलं तर राक्षस! मी माझ्या हाताने, माझ्या पोरीचं चित्र देऊन, तिच्या मनातली भीती भिंतीएवढी करून घेतली. मला तिथे जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं, पण त्यांच्याकडे फक्त बीनबॅग होत्या.

आणि मग मी ज्ञानेशकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत उभा. राक्षसाकडे नाही हो... दाराकडे. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे आपलं दार आहे."

मी म्हटलं, "हो."

"स्वरूने काढलंय?"

"...हो."

मला वाटलं आता काहीतरी बोलेल, रागावेल, निदान विचारेल की मला का नाही दाखवलंस. तर म्हणतो, "शूज बरोबर काढलेत. डाव्याची नाडी तुटलीये, ती पण." बस्. एवढंच. आणि मागे जाऊन एका बीनबॅगमध्ये बसला, "जरा टेकतो," म्हणाला... आणि पुढच्या मिनिटाला झोपला! भर हॉलमध्ये! निळा युनिफॉर्म, तोंड उघडं, आणि घोरणं... एक नंबर! लोक एकदा पडद्यावरच्याकडे बघतायत, एकदा याच्याकडे. दुसऱ्या टीमच्या कोणाची तरी आई म्हणाली, "अगंबाई, मॉडेल पण आणलंय यांनी!"

आणि मी काय केलं असेल? तुम्हीच ओळखा. दीड वर्षाची सवय. सगळ्या हॉलकडे वळून, बोट ओठांवर ठेवून... "हळू, बाबा झोपलेत."

हॉल चिडीचूप. सर गप्प, मॅडम गप्प. झिशान तर म्हणाला, "काकू, लाइव्ह पण सेम टू सेम!"

आणि तेवढ्या शांततेत माझी पोरगी गेली पुढे आणि कंट्रोलर घेतला. माझी पार्टनर! माझी दीड वर्षाची साथीदार! मी मनात म्हटलं, बरं झालं, हिच्याइतकं शांत कोणी राहूच शकत नाही, हिला राक्षस दिसणारच नाही. जिला तिसरी फरशी झोपेतसुद्धा माहीत आहे! मी तिला लांबून खूण केली, टाचा वर. तिने माझ्याकडे बघितलं. हसली. आणि सरळ तिसऱ्या फरशीवर उडी मारली.

कर्रर्र! एक जीव गेला.

मग किचनमध्ये. गॅस मोठा. कुकर. वाजू दे... एक शिट्टी! दोन! दीड वर्षाच्या सगळ्या शिट्ट्या एकदम! मग खिडकी उघडली, कचरागाडीचं गाणं आत! गणराज ओरडतोय, "अगं बाळा, आवाज नाही करायचा, मरशील!" झिशान डोकं धरून, "ही उलटा खेळतेय! अरे असं कोणी टेस्टच नाही केलं!" आणि मी, चार वर्षांचा अनुभव, मी तरी कुठे केलं होतं? स्पीकरमधून माझंच भूत विनवतंय, "हळूऽऽ... बाबा झोपलेतऽऽ..." आणि माझी मुलगी, माझी स्वतःची, पोटची, दाराशी जाऊन दोन्ही मुठींनी धडाधडा ठोकतेय!

दार उघडलं. हिरवा राक्षस बाहेर आला, जबडा वासला, पडदा लाल. 'बाबा उठले! गेम ओव्हर!'

हॉलभर "अरेरे..." आणि स्वरूने कंट्रोलर फेकला, दोन्ही हात वर, "उघडलं! उघडलं! मी जिंकले!"

आता मला सांगा, कोणी कोणाचा घात केला याचा हिशोब कसा लावायचा? त्या पोरांनी माझा केला, ते आहेच. पण ही? ही तर रोज माझ्यासोबत मोजे घालून फिरायची! जीव मोजायची! मला वाटायचं आम्ही एका बाजूच्या आहोत, आणि ही बया दीड वर्ष हरायची वाट बघत होती!

अजून संपलं नाही. ती वळली. मागे बीनबॅगमध्ये खरा झोपलेला. मी ओळखलं तिच्या डोळ्यांतून. मी मान हलवली, नको. बोट ओठांवर ठेवलं. नको हं स्वरू... पाय दाबत गेली, अगदी मी शिकवलं तसं, एकही फरशी न वाजवता, त्याच्या कानापाशी. आणि भोंगा वाजावा तशी, "बाबाऽऽऽऽ!"

ज्ञानेश ताडकन, "काय झालं? लाईन थांबली का?"

सगळा हॉल खदखदून हसला. तो कुठे आहे त्याला कळेना. डोळे चोळले. लाल पडद्यावरचा राक्षस बघितला. तिच्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं, आणखी उघडलं, कानापर्यंत, आणि हात वर करून अशी लांब, गर्जनेसारखी जांभई दिली की पोरीने किंकाळी फोडली. आनंदाने. आणि त्याच्या पोटावर चढून बसली.

मला वाटलं, चला, आता मिठी मारेल, काहीतरी म्हणेल, माझ्या भुताचं पण सार्थक होईल. सगळे थांबले. दिव्याने तर फोन काढला. आणि ती त्याचे दोन्ही गाल धरून, अगदी माझ्याच आवाजात, कुजबुजत काय म्हणाली?

"बाबा, आता परत झोप ना. मला परत उठवायचंय."